रात्री उठावं लागतं म्हणजे प्रोस्टेटच? आधी मोजून तर बघा

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक निरोप फिरतो आहे. थोडक्यात असा: रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं तर प्रोस्टेट वाढली हे नक्की, संध्याकाळी सहानंतर पाणी बंद करा, लघवीच्या नोंदी-बिंदी लिहीत बसू नका, थेट सोनोग्राफी करा, तरीही फरक नाही पडला तर वय झालं, असं समजून गप्प बसा. आमच्या ओळखीतल्या काही ज्येष्ठांनी हे मनावर घेऊन संध्याकाळचं पाणी खरोखरच सोडलं, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

प्रोस्टेटचं आधी घेऊ. हा निरोप घरातल्या अर्ध्या माणसांना सरळ विसरतो. आजी, आत्या, मावशी यांना प्रोस्टेट नसते, तरी त्याही रात्री उठतात. संकोचापोटी सांगत नाहीत, एवढंच. पुरुषांतही प्रोस्टेट हे अनेक कारणांपैकी एक. मधुमेह, मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्राशयाचा अतिचंचलपणा, हृदयाचा अशक्तपणा, लघवी वाढवणारी गोळी चुकीच्या वेळी घेणं, यांतलं काहीही असू शकतं. ज्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज असते, त्यांच्या पायांत दिवसभर साचलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं ते रात्री बाहेर टाकतात. घोरणाऱ्याचा झोपेत श्वास अडकत असेल तर हृदयावर ताण येतो, तिथून एक संप्रेरक स्रवतं आणि लघवी वाढते. असा माणूस प्रोस्टेटच्या गोळ्या वर्षभर घेईल आणि रात्री उठतच राहील.

आता नोंदींबद्दल, कारण निरोपातली सगळ्यात नुकसान करणारी ओळ हीच आहे. किती वेळा उठलात, हा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. दर वेळी किती झाली, ते सांगतं. समजा, एका पानावर असं लिहिलंय: रात्री 1.15 ला 350 मिली, 3.40 ला 400, सकाळी उठल्यावर 350. म्हणजे रात्रीचे 1100. चोवीस तासांचे मिळून 2000. निम्म्याहून जास्त लघवी झोपेच्या वेळात तयार झाली! मूत्राशय 400 मिली आरामात धरतंय. प्रश्न मूत्राशयाचा नाही, रात्री लघवी जास्त बनण्याचा आहे. दुसऱ्या पानावर तीनही वेळा 80-100 मिलीच असेल, तर मूत्राशय भरण्याआधीच घाई करतंय किंवा पूर्ण रिकामं होत नाहीये. दोघंही रात्री दोनदाच उठले, पण उपचार वेगळे. इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या लघवीच्या तक्रारींवर काम करणाऱ्या संस्थेच्या व्याख्येत चोवीस तासांच्या लघवीतला रात्रीचा वाटा 65 वर्षांवरच्यांत 33 टक्क्यांहून आणि तरुणांत 20 टक्क्यांहून जास्त असेल, तर रात्री लघवी जास्त बनते असं धरतात.

लिहायचं कसं? खुणा असलेला प्लास्टिकचा मापाचा मग बाथरूममध्ये ठेवा, शेजारी दोरीने बांधलेलं पेन आणि कागद. तीन दिवस पुरतात. वेळ, मिली, काय किती प्यायलात (चहा, ताक, दूध सगळं), झोपायची आणि उठायची वेळ. एका जागी बहुतेकांची गल्लत होते: झोपण्याआधीची शेवटची लघवी दिवसात धरायची आणि सकाळची पहिली रात्रीत. आणि त्या तीन दिवसांत शहाण्यासारखं वागायला जाऊ नका, रोजचं तेच करा. सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, अकराला गराडू (मीठ-मसाला लावलेला तळलेला कंद) खाल्ला असेल तर तोही लिहा. मीठ इथे खरंच मोजण्यासारखं आहे: नागासाकीच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासात, मीठ कमी करू शकलेल्यांचं रात्री उठणं सरासरी 2.3 वरून 1.4 वर आलं.

सोनोग्राफीला माझा विरोध नाही. प्रोस्टेटचा आकार आणि लघवीनंतर मूत्राशयात किती उरते, हे ती दाखवते. रात्री किती लघवी बनते, हे मात्र दाखवू शकत नाही. शिवाय प्रोस्टेटचा आकार आणि त्रास यांचा मेळ दर वेळी बसत नाही.

सहानंतर पाणी बंद? आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत सत्तरीच्या माणसाला तहानलेलं ठेवणं धोक्याचं आहे: बद्धकोष्ठता, घट्ट लघवी, चक्कर. झोपण्याआधीच्या दोन-तीन तासांत कमी प्या, रात्रीचा चहा सोडा, दिवसा पुरेसं प्या. तेवढं बरोबर आहे. लघवीच्या गोळीची वेळ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

‘वय झालं’ यात थोडं तथ्य आहे. रात्री लघवी कमी ठेवणारं संप्रेरक वयानुसार मंदावतं. पण अंधारात उठताना पडून मोडलेलं खुब्याचं हाड वयाच्या नावावर ढकलता येत नाही.

लघवीत रक्त, थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, किंवा पायांच्या सुजेबरोबर धाप असेल तर तीन दिवस लिहीत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांनी ते पान आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी.