बिलिंगच्या सर्व्हरला रेड ५? आधी हे वाचा

व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक सल्ला जोरात फिरतोय: "बिलिंगच्या सर्व्हरला ४ टीबीच्या चार डिस्क घ्या आणि रेड ५ करा. १२ टीबी जागा मिळते. रेड १० ला ८च टीबी, म्हणजे निम्मे पैसे पाण्यात. एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, त्यामुळे बॅकअपही लागत नाही." रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत. रेड ५ एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला देतं, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा पुन्हा काढता येईल अशा हिशेबाला; रेड १० सगळा डेटा डिस्कच्या जोडीत दोनदा लिहितं. असे सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम. यातला जागेचा हिशेब बरोबर आहे, बाकी सल्ला धोक्याचा आहे.

"निम्मे पैसे पाण्यात." डेटाबेसला सहसा जागा कमी पडत नाही, राइटचा, म्हणजे डिस्कवर लिहिण्याचा, वेग कमी पडतो. पोस्टग्रेस या डेटाबेसचं पान, म्हणजे एका वेळी लिहायचा तुकडा, ८ केबीचं. तेवढं बदलायला रेड ५ जुना डेटा वाचतं, जुनी पॅरिटी वाचतं, मग दोन्ही पुन्हा लिहितं. एका कामाला चार खेपा. रेड १० मध्ये दोन. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला अशा साधारण ७५ खेपा करते, चार मिळून ३००. म्हणजे रेड ५ वर सेकंदाला ७५ राइट, रेड १० वर १५०. चार डिस्कचे पैसे मोजून राइटला वेग एका डिस्कचा! डिस्क चालवणाऱ्या कंट्रोलरचा कॅशे (तात्पुरती मेमरी) हे काही वेळ झाकतो, पण ३१ मार्चच्या गर्दीत तो भरला की काउंटरवर रांग लागलीच.

"काम थांबत नाही." थांबत नाही, रखडतं. आणि खरा धोका नवी डिस्क घातल्यावर, रिबिल्डमध्ये, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा तिच्यावर पुन्हा उभारताना असतो. उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात, एकूण १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात १ वर १४ शून्यं इतक्या बिटांमागे न वाचता येणारी एक चूक धरलेली असते, म्हणजे साडेबारा टीबीमागे एक. प्रत्यक्षात डिस्क बऱ्याचदा याहून चांगल्या निघतात, पण त्या भरवशावर धंदा ठेवू नये. रेड १० मध्ये फक्त जोडीची डिस्क वाचायची, ४ टीबी.

एका घाऊक औषध विक्रेत्याकडे सर्व्हर माळ्यावर, खोक्यांच्या मागे होता. तिसऱ्या डिस्कचा दिवा केशरी झालेला कुणी पाहिलाच नाही; आवाजाचा त्रास नको म्हणून बझर आधीच बंद केलेला. काही आठवड्यांनी आणखी एक डिस्क गेली; रेड ५ एकच गेलेली डिस्क सोसतं, त्यामुळे सगळा डेटा गेला. बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा. फायलींमधली बिलं काढून चार माणसं ती पुन्हा टाइप करत बसली.

म्हणून "बॅकअप लागत नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. अट न घालता चालवलेली डिलीट कमांड रेड इमानेइतबारे सगळ्या डिस्कवर पोचवतं. रॅन्समवेअरचंही तेच.

सीसीटीव्ही, स्कॅन केलेली बिलं यांना रेड ५ खुशाल वापरा. डेटाबेस आटोपशीर असेल तर वीज गेल्यावरही हातातला राइट पुरा करणाऱ्या, सर्व्हरसाठीच्या दोन एसएसडी रेड १ मध्ये (दोन्हींवर तोच डेटा) लावा. वाचलेल्या पैशांत बॅकअपसाठी वेगळं मशीन घ्या, आणि महिन्यातून एकदा तो बॅकअप रिस्टोअर करून आदल्या दिवशीचं शेवटचं बिल उघडतंय का ते स्वतः पाहा.