आवाज माझा नव्हता

कोजागरी होऊन आठ दिवस झाले, तरी लिफ्टमध्ये कोणी ना कोणी माझ्याकडे बघून "वन्स मोअर!" म्हणतंच. काल तर चौथ्या मजल्यावरचा दुसरीतला पोरगा म्हणाला. वन्स मोअर म्हणजे काय हे त्याला ठाऊकही नसणार. मी हसलो. म्हणजे दात दाखवले.

यंदा मसाला दुधासोबत गच्चीवर 'कट्यार काळजात घुसली' सिनेमा दाखवायचं ठरलं. पडद्याच्या जागी पांढरी चादर, प्रोजेक्टर सेक्रेटरींच्या ऑफिसातला. मी पोचेपर्यंत सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या, फक्त नानांच्या शेजारची रिकामी होती. ती का रिकामी होती, ते दहा मिनिटांत कळलं.

नाना म्हणजे ए विंगमधल्या वहिनींचे वडील. ऐंशी कधीच ओलांडलेली. त्यांनी मूळ नाटक पाहिलंय. हे त्यांनी आधी मला सांगितलं, मग पुढच्या रांगेला, मग दूध वाटणाऱ्या मुलीला.

"१९६७ साली आलं! दारव्हेकरांनी लिहिलं, संगीत अभिषेकींचं. खाँसाहेब कोण? वसंतराव देशपांडे! पंडितजी कोण? भार्गवराम आचरेकर! आणि झरीना?"

ते थांबले. ही तोंडी परीक्षा आहे आणि विद्यार्थी मी आहे, हे जरा उशिराच लक्षात आलं.

"फैयाज!" नानांनी माझ्या गुडघ्यावर अशी सणसणीत थाप मारली की पेल्यातलं अर्धं दूध माझ्या लेंग्यावर. केशराचा डाग जात नाही, हे ज्ञान मला त्या रात्री झालं. लेंगा नवा होता.

चादरीवर पंडितजी झालेले शंकर महादेवन आले तसे नाना प्रसन्न झाले. "हा स्वतः गातो. चालेल." मग खाँसाहेब झालेले सचिन पिळगावकर आले आणि नाना खुर्चीच्या काठावर आले. "आता ओठ बघ. नीट बघ. ओठ याचे, गळा राहुलचा. वसंतरावांचा नातू!"

"नाना, सिनेमात तसंच असतं."

"असतं ना! म्हणूनच तो सिनेमा. नाटकात ज्याचं तोंड त्याचाच गळा. घसा बसला तर बसलेला घसा ऐकायचा, काय! आणि तो सदाशिव बघ. चेहरा सुबोध भावेचा, गळा महेश काळेचा. अरे, २०१० साली हे नाटक पुन्हा आलं ना, तेव्हा राहुल नि महेश हेच दोघं स्टेजवर उभे राहून गायले होते. २०१५ला सिनेमा आला आणि दोघं पडद्यामागे! पण राष्ट्रीय पुरस्कार कोणाला? 'अरुणी किरणी'साठी, काळेला! बरोबर केलं. ज्याचा आवाज, त्याच्याच नावावर जायला पाहिजे."

हे शेवटचं वाक्य नानांचं आहे. मी ते जसंच्या तसं नोंदवून ठेवतोय, कारण पुढे त्याची गरज पडणार आहे.

पाठीमागून दोनदा "शूऽऽ" आलं. दोन्ही वेळा नानांनीही माझ्याकडे वळून "शूऽऽ" केलं.

'सुरत पिया की' संपलं. मी लेंगा झटकायला उभा राहिलो, आणि नेमक्या त्याच क्षणी माझ्या कमरेजवळून गर्जना झाली, "वन्स मोऽऽअर!"

वन्स मोअर द्यायला माझी ना नाही. संगीत नाटकात तो प्रेक्षकांचा हक्कच होता. एकेका पदाला इतके पडायचे की रात्री सुरू झालेलं नाटक उजाडता उजाडता संपायचं. आणि नट पुन्हा गायचा तेव्हा तेच ते गात नसे, नवी जागा, म्हणजे सुरांचं नवं वळण घ्यायचा, त्या लोभानं तर लोक ओरडायचे. पण चादरीनं कुठली नवी जागा घ्यायची? लॅपटॉपवर बसलेला पोरगा मात्र आज्ञाधारक. त्यानं सिनेमा मागे ओढला. ओढला तो असा की आवाज गमावून बसलेले पंडितजी पुन्हा खणखणीत गायला लागले. लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या, मागच्या बायका "अगंबाई, बरे झाले का हे?" म्हणाल्या, आणि कथानकाची जी वाट लागली ती शेवटपर्यंत.

तेवढ्यात माईक खरखरला. "बी तीनशे चार, कृपया खाली बसा. वन्स मोअर-बिन्स मोअर इथे चालणार नाही."

बी तीनशे चार म्हणजे मी. माझी सावली चादरीवर पंडितजींच्या कपाळापासून तंबोऱ्यापर्यंत पडली होती. हात वर, तोंड उघडं (दूध गार झालं होतं, म्हणून उघडं). सावली माझी, आवाज नानांचा. माझं प्लेबॅक झालं होतं!

मी नानांकडे पाहिलं. नानांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवत म्हणाले, "हल्लीच्या लोकांना कुठे थांबावं कळत नाही."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "काय गरज होती एवढं ओरडायची?" मी म्हटलं, नाना ओरडले. "ऐंशीच्या माणसावर ढकलताय? शोभतं का?"

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर संदेश आला, कार्यक्रमात व्यत्यय आणणाऱ्या सभासदांची नोंद घेण्यात आली आहे. खाली सतरा अंगठे. पहिला वहिनींचा.

माझी नोंद! अकरा वर्षं मी मेंटेनन्स पाच तारखेच्या आत भरतोय. माझ्या बाथरूमचं छत जूनपासून गळतंय, त्याबद्दल मी तीन लेखी अर्ज दिले, सभेत दोनदा उभा राहून बोललो, त्या सभेत माईकही चालू होता. त्याची नोंद कुठे आहे? माझ्या स्वतःच्या गळ्यातून निघालेलं अक्षर या लोकांना ऐकू जात नाही, आणि जे मी बोललोच नाही ते मात्र ए विंगपासून डी विंगपर्यंत सगळ्यांना पाठ. आज सकाळीही बादली भरली. साडेसहा ते आठ, पाऊण बादली.

आज संध्याकाळी लिफ्टमध्ये नाना भेटले. फार प्रेमानं खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, भावेनं 'मानापमान' नाटकाचाही सिनेमा केलाय, २०२५च्या जानेवारीत आला. पुढच्या वेळी तोच लावा म्हणून सांगितलंय सेक्रेटरींना. तुझ्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवतो."

मी दुसऱ्या मजल्यावरच उतरलो आणि उरलेला जिना चढून गेलो.