सुपरहिरोच्या शेजारी कोण राहतं?

अद्भुतरम्य आणि विज्ञान कादंबऱ्यांवर मी इथे अधूनमधून लिहिते आणि दर वेळी मेसेंजरवर तीच तक्रार येते. "ताई, तुम्ही हिरोबद्दल काही बोलतच नाही. घरमालकीण, सुतार, वॉचमन यांच्याबद्दलच काय लिहीत बसता?" तक्रार अगदी रास्त आहे. कमेंटमध्ये उत्तर मावत नाही म्हणून ही स्वतंत्र पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

हिरोला काय काय येतं यावरून मी पुस्तक जोखत नाही. तो उडतो, भिंतीतून आरपार जातो, मनातलं ओळखतो, बोटांतून वीज सोडतो. बरं मग? कागदावर काहीही लिहिता येतं, वीज सोडायला लेखकाला बिल येत नाही. मी बघते ते ज्याला यातलं काहीच येत नाही त्याच्याकडे. हा असा प्राणी शेजारी राहायला आल्यावर त्या साध्या माणसाच्या भाड्यात, कुलपात, झोपेत, पोरीच्या लग्नात काय फरक पडला? लेखकाला तो माणूस दिसला असेल तर मी पुढचं सगळं खरं मानायला तयार असते. नसेल दिसला, तर नकाशा, वंशावळ आणि मागे चाळीस पानांची शब्दसूची जोडली तरी माझ्या लेखी ते पुस्तक रिकामं.

एच. जी. वेल्सची अदृश्य माणसाची कादंबरी घ्या. १८९७ सालची. गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पुस्तक वाचलेले कमी. ती प्रयोगशाळेत सुरू होत नाही. फेब्रुवारीतल्या बर्फात आयपिंग नावाच्या खेड्यातल्या एका लॉजवर नखशिखांत गुंडाळलेला माणूस येतो आणि मालकीणबाई मिसेस हॉल हरखून जातात, कारण ऐन थंडीत गिऱ्हाईक मिळालं आणि ते पैशांची घासाघीसही करत नाही. पुढची कितीतरी पानं त्याचं जेवण, त्याच्या बाटल्यांची खोकी, खोलीत पसरलेला पेंढा आणि जमिनीवर पडलेले डाग यांत जातात. बाई काही बोलायला गेल्या की हा खेकसतो, "बिलात लावा!" मग एक दिवस बिल थकतं. बाई नाश्ता बंद करतात. तेवढ्यात त्याच्याकडे अचानक पैसे येतात, आणि आदल्या रात्री तर पाद्र्याच्या घरी चोरी झालेली असते. पैसे आले कुठून, असं बाई तोंडावर विचारतात आणि तो संतापून चेहऱ्यावरच्या पट्ट्या काढतो. आत चेहराच नाही! विज्ञानातली एवढी थोर करामत जगापुढे येते ती थकलेल्या बिलाच्या भांडणात. मला तर हे वाचताना आमच्या सोसायटीची वार्षिक सभाच आठवते.

या कादंबरीतली शास्त्रीय चूक प्रसिद्ध आहे. याकोव पेरेलमान या रशियन विज्ञानलेखकाने ती दाखवून दिली: माणूस पूर्ण पारदर्शक झाला तर प्रकाश त्याच्या डोळ्यांतूनही आरपार जाईल, आत प्रतिमाच उमटणार नाही, म्हणजे अदृश्य माणूस आंधळा असणार. मुद्दा बिनतोड आहे. तरी कादंबरीला ओरखडाही उठत नाही, कारण ती डोळ्यांच्या पडद्यावर उभी नाहीच, ती मिसेस हॉलच्या वहीवर उभी आहे. आपल्याकडे मात्र विज्ञानकथेची समीक्षा म्हणजे पेरेलमानगिरी असा समज पक्का आहे. अंतर बरोबर आहे का, वेग बरोबर आहे का, झालं.

या समजाला इतिहासही आहे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा ना. वि. जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये. तिथून मराठी विज्ञानकथेला एक शिस्त लागली आणि तिची गरज होतीच. पण त्या धर्तीवर पुढे लिहिणाऱ्या कित्येकांनी शिस्त उचलली आणि माणसं बाहेर ठेवली. शास्त्रज्ञ धूमकेतूबद्दल बोलतो, बायको चहा आणते आणि "म्हणजे नेमकं काय हो?" एवढंच विचारते, त्याला पुढचं समजावून सांगता यावं म्हणून. त्या बाईचं पुढे काय झालं, हे मला त्या धूमकेतूपेक्षा जास्त जाणून घ्यायचं असतं.

भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं उलट आहे. समर्थ हा त्यांचा हुकमी नायक. तो आला की संकट संपलं. आणि खरं सांगू? तो आला की माझा रस संपतो. समर्थ येईपर्यंतची पानं खरी धारपांची. बंद खोलीशेजारी जेवायला बसलेलं कुटुंब, एकमेकांना काही न सांगणारे नवरा-बायको, संध्याकाळ झाली की मागच्या दाराकडे न बघण्याची लागलेली सवय. तिथे त्यांचा हात धरणारा मराठीत मला तरी सापडलेला नाही. (धारपभक्तांनी कमेंटमध्ये शांतपणे भांडावं.)

आता थोडं गंमतीचं. आल्फ्रेड बेस्टर यांची 'द स्टार्स माय डेस्टिनेशन' ही १९५६ ची कादंबरी. तिच्यात माणसं नुसत्या इच्छेने एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचतात. अट एवढीच की दोन्ही जागा डोक्यात पक्क्या हव्यात, आणि एका उडीत हजार मैलांच्या पुढे जाता येत नाही. बेस्टर पहिल्या काही पानांतच हिशोब मांडतात: वाहतुकीचे धंदे बुडतात, रोगाच्या साथी भराभर पसरतात, श्रीमंत लोक घराच्या दाराशी भुलभुलैया बांधतात म्हणजे कुणी थेट दिवाणखान्यात उगवू नये, आणि बायकांना "सुरक्षिततेसाठी" कोंडून ठेवण्याची जुनी रीत परत येते. डोक्याला मार लागून ही कला विसरलेल्यांना ती पुन्हा शिकवणारी एक शिक्षिकासुद्धा आहे. जग असं उभं करतात.

हेच ठाण्याला लावून बघा. नौपाड्यातल्या बिल्डरच्या बोर्डावरचं 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' एका रात्रीत भंगारात. घोडबंदर रोडवाले, ज्यांच्याकडे जायचं म्हटलं की आम्ही इकडचे लोक नाकं मुरडतो, ते पेढे वाटतील. ठाणे-वाशी लोकल ओस पडेल, ऐरोलीच्या कंपन्यांत उशिरा येण्याची सबब उरणार नाही. आणि लेडीज डब्यात क्लिपा, रुमाल, टिकल्यांची पाकिटं विकणाऱ्या बायका? त्या कुठे जातील? सोसायटीच्या गेटवर नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल लिहून घेणाऱ्या वॉचमनचा पगार कोण आणि कशाला देईल? मला कुणी नवी मुंबईतल्या उडणाऱ्या माणसाची कादंबरी दिली तर मी आधी शोधीन, दहाव्या मजल्यावरच्या लोकांनी ग्रिल बसवलं का, आणि कमिटीने त्यावरून एलिव्हेशन बिघडतं म्हणून नोटीस काढली का.

बेस्टरना मात्र पूर्ण मार्क नाहीत. त्यांचा नायक त्याच शिक्षिकेवर बलात्कार करतो आणि लेखक ती गोष्ट भराभर ओलांडून पुढे जातो. ज्याने पहिल्या पानांत सगळ्या जगाचा हिशोब मांडला, त्याला समोरच्या बाईचा मांडता आला नाही. म्हणून पुस्तक वाचा म्हणते, पण शाळेतल्या मुलांच्या हातात देऊ नका.

पोरांसाठी अर्सुला ले ग्विनची 'अर्थसी' या काल्पनिक बेटांच्या जगावरची पहिली कादंबरी आहे, १९६८ ची. जादू कशी 'चालते' हे सांगणारी पुस्तकं आता ढिगाने येतात. कोणता धातू गिळला की कोणती ताकद, कोणत्या पातळीला कोणता मंत्र. वाचताना मजा येते, पण कधीकधी वॉशिंग मशीनचं माहितीपत्रक वाचल्यासारखं होतं. ले ग्विनच्या बेटांवर वेगळंच आहे. एका बेटावर मंत्राने पाऊस पाडला तर दुसरीकडे कोरड पडू शकते, म्हणून शहाणा जादूगार हात आखडता ठेवतो. गेड या तरुण जादूगाराला पहिली नेमणूक मिळते ती एका कोळ्यांच्या गावात. शेजारी होड्या बांधणारा एक सुतार. हा त्याच्या होड्यांवर मंत्र घालतो, तो याला शीड कसं सांभाळायचं ते शिकवतो. मग एका रात्री सुताराचं लहान पोर तापाने फणफणतं. गेडला कळतं की आता उपाय नाही, गुरूंनीही सांगितलेलं असतं की जाणाऱ्याला जाऊ द्यावं. पण शेजाऱ्याचं पोर आहे. तो त्याच्या मागे मृत्यूच्या प्रदेशात उतरतो. पोर जातंच, आणि गेड स्वतः कसाबसा परत येतो. अख्ख्या पुस्तकात ड्रॅगन आहेत, काळी सावली आहे, पण मला हा सुतार सोडत नाही.

हे सगळं तिकडचंच असं कुणी म्हणू नये. आपल्याकडे 'नवनाथ भक्तिसार' आहे, मालू कवीची चाळीस अध्यायांची पोथी, शके १७४१ म्हणजे १८१९ मध्ये पुरी झालेली. श्रावणात आजी वाचायची आणि मी अस्त्रांच्या लोभाने शेजारी बसायचे. मारुती डोंगर फेकतोय, मच्छिंद्रनाथ ते मंत्राने अधांतरी थोपवतोय, याहून मोठी मारामारी मी पुढे कुठल्या कॉमिकमध्ये पाहिली नाही. पण मनात राहिलेली गोष्ट वेगळी. गोरख संजीवनी मंत्राचं पाठांतर करत बसलेला असतो. गावातली पोरं चिखलाची गाडी करतात आणि म्हणतात, आम्हाला एक गाडीवान करून दे. हा पुटपुटत पुटपुटत चिखलाचा माणूस करतो आणि तो जिवंत होतो! पोरं 'भूत, भूत' करत पळतात. कच्च्या लेखकाने इथेच टाळ्या घेऊन अध्याय संपवला असता. पोथी तसं करत नाही. मच्छिंद्रनाथ येतात, बघतात, आणि ते तान्हं गावातल्या एका मूल नसलेल्या जोडप्याच्या ओटीत घालतात. तेच पुढे गहिनीनाथ. मूल मंत्राने झालं, पण रात्री उठून त्याला पाजायचं कुणी, हा प्रश्न दोनशे वर्षांपूर्वी मालू कवीला पडला होता. आज सातशे पानांच्या त्रिखंडी लिहिणाऱ्यांना पडत नाही.

सुपरमॅनचंच बघा. जून १९३८ च्या पहिल्या अंकात त्याला उडताही येत नव्हतं. उडी मारायचा, तीही मैलाच्या आठव्या हिश्श्याएवढी. आणि त्या अंकात तो कुणाशी लढतो? बायकोला मारणाऱ्या नवऱ्याशी. निरपराध बाईला होणारी फाशी थांबवतो. राजकारण्याला वश करणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. सगळी गल्लीतलीच प्रकरणं. मग ताकद वाढत गेली. ताकद वाढली की शत्रूही तोलामोलाचा लागतो, मग परग्रहावरचा लागतो, मग विश्व गिळणारा लागतो, आणि या सगळ्यात मार खाणारी ती बाई चित्रातून कधी गेली ते कुणाला कळलंही नाही. क्रिप्टोनाइटसुद्धा आधी १९४३ मध्ये रेडिओमालिकेत आलं. इतक्या ताकदवान माणसाला अडवायला काहीतरी लागणारच की.

अलीकडे एका तरुण लेखकाने मला त्याचं हस्तलिखित वाचायला दिलं. नाव सांगत नाही, पोरगा गुणी आहे. कादंबरी नवी मुंबईतच घडते आणि पाम बीच रोडवर तुंबळ लढाई आहे. नायक गाड्या उचलून खलनायकावर फेकतो, आणि पुढच्याच प्रकरणात सीवूड्सला मैत्रिणीबरोबर कॉफी पितो. मी फोन केला.

"त्या गाड्यांमध्ये कोण होतं रे?"

"रिकाम्या होत्या मॅडम."

"सोमवारी सकाळी नऊ वाजता? पाम बीचवर?"

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "पण मॅडम, तिथे थांबलो तर गोष्टीचा वेग जातो."

हा आक्षेप मी कमी लेखत नाही. वेग लागतोच, लोकलमध्ये उभ्याने वाचणाऱ्याला तर फारच लागतो. आणि प्रत्येक मोडक्या गाडीचा पंचनामा करत बसलं तर कादंबरीची तहसील कचेरी होईल. मी त्याला एवढंच म्हटलं की शंभर गाड्या नकोत, एक घे. एका गाडीत एक माणूस बसव, मग फेक.

परवा त्याचा मेसेज आला. आता त्या गाडीत नेरुळचे एक गृहस्थ आहेत, गाडीचे हप्ते अजून बाकी आहेत, ते बचावले आहेत आणि विमा कंपनीच्या फॉर्मवर 'अपघाताचे कारण' या रकान्यात काय लिहावं यावर अडले आहेत. विम्याच्या कामातलं कुणी या पोस्टवर असेल तर कृपया सांगा, असा क्लेम कशात बसेल? प्रकरण तिथेच थांबलंय.