‘एसएसडी घ्या, भरा, कपाटात ठेवा’ : हा सल्ला का पाळू नये

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हार्ड डिस्कचा जमाना संपला. एसएसडीत, म्हणजे चिपांवर डेटा साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारा भागच नाही, म्हणून ती बिघडत नाही. आयुष्यभराचे फोटो आणि कागदपत्रं एका मोठ्या एसएसडीवर टाका, फोन-लॅपटॉपवरून काढून टाका, डिस्क कपाटात ठेवा आणि निर्धास्त व्हा. शिवाय क्लाउड आहेच. मला तो तिघांनी पाठवला आणि त्यातल्या एका मित्राने लॅपटॉप रिकामाही केला होता. म्हणून लिहायला बसले.

‘फिरणारा भाग नाही, म्हणून बिघडत नाही.’ फिरणारा भाग नाही हे खरं, आणि हातातून पडली तर एसएसडी वाचण्याची शक्यता नक्कीच जास्त. पण ती बिघडते, आणि बरेचदा काही न सांगता. डिस्कचा सगळा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप गेली की काल चालणारी डिस्क आज कॉम्प्युटरला दिसतच नाही. हार्ड डिस्क पुष्कळदा, नेहमी नव्हे, आधी कुरकुरते: फाइल उघडायला वेळ लागतो, टकटक आवाज येतो, खराब सेक्टरचा (डिस्कवरच्या निकामी झालेल्या जागांचा) आकडा वाढत जातो. तेवढ्या अवधीत डेटा बाहेर काढता येतो. एसएसडीत तो अनेक चिपांवर विखुरलेला आणि बऱ्याच डिस्कमध्ये आतल्या आत एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असतो. कंट्रोलर गेल्यावर रिकव्हरीवाल्यांच्याही हाती फारसं काही लागत नाही.

‘कपाटात ठेवा, वर्षानुवर्षं टिकेल.’ मला सर्वांत धोकादायक वाटतं ते हे वाक्य. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह दोन्हींत फ्लॅश मेमरी असते, आणि तिच्यातला डेटा म्हणजे सेल नावाच्या सूक्ष्म कप्प्यांमध्ये कोंडलेले इलेक्ट्रॉन. ते हळूहळू झिरपतात, उष्णतेत जास्त लवकर. सेलमध्ये एकच बिट असेल तर विद्युतभाराच्या दोनच पातळ्या ओळखायच्या असतात. स्वस्त, मोठ्या क्यूएलसी डिस्कमध्ये चार बिट असतात, म्हणजे १६ पातळ्या. तिथे थोडी गळतीही महागात पडते. सेमीकंडक्टर उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेची अपेक्षा काय आहे? डेटा लिहिण्याची नेमून दिलेली मर्यादा पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने वीज नसताना ३० अंश सेल्सिअसला १ वर्ष डेटा धरावा. ही अट झिजलेल्या डिस्कसाठी आहे, नवी डिस्क पुष्कळ जास्त टिकते. त्यामुळे ‘वर्षभरात सगळं पुसलं जातं’ हेही खोटंच. पण कपाटातल्या वीस वर्षांची हमी त्यात कुठेही नाही.

माझा एक पेन ड्राइव्ह आठ वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. लावला तेव्हा फाइलांची नावं होती, आकार बरोबर होते, छोटी चित्रंही दिसत होती. फोटो उघडला तर आजोबांचं कपाळ आणि चष्मा स्वच्छ, आणि त्याखाली थेट कडेपर्यंत करडा पट्टा. छोटं चित्र फाइलच्या सुरुवातीलाच साठवलेलं असतं, म्हणून ते शाबूत राहिलं आणि वरवर पाहून मी फसले. दुसरी प्रत नव्हती.

म्हणून कपाटासाठी मी हार्ड डिस्कच सुचवते. चुंबकीय नोंदीला विजेची गरज नसते. मात्र बेअरिंग आणि हेड वर्षानुवर्षं पडून राहिले तर अडकू शकतात, तेव्हा वर्षातून एकदा तरी ती फिरवायला हवी. सीडी-आरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि दमटपणाने खराब होतो. एम-डिस्कसारख्या खनिज थराच्या चकत्या बऱ्या, पण पुढे ड्राइव्ह मिळायला हवा. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड फक्त ने-आण करायला.

‘मूळ काढून टाका.’ हा बॅकअप नाही. प्रत आधीही एक होती, नंतरही एकच. फक्त जागा बदलली. छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे प्रसिद्ध झालेला ३-२-१ नियम सांगतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर.

‘क्लाउड आहेच.’ सिंक (फोन आणि क्लाउड आपोआप सारखे ठेवणारी सोय) चालू असेल तर फोनवर पुसलेला फोटो तिथूनही जातो. आणि क्लाउड म्हणजे शेवटी कुणाच्या तरी इमारतीतल्या डिस्कच. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांचे बॅकअपही तिथेच होते. घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड उत्तम, एकमेव प्रत म्हणून नाही.

‘एकदा भरलं की झालं.’ ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब या कंपनीत चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअपचे पाच मार्ग होते, पण एकही नीट चालत नव्हता. योगायोगाने सुमारे सहा तास आधी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बरंचसं वाचलं. मुरलेल्या अभियंत्यांची ही गत. म्हणून कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइलचा शा-२५६ चेकसम (फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला, जरा बदल झाला तरी बदलणारा ठसा) काढून यादी ठेवा, आणि वर्षाकाठी डिस्क लावून ती जुळवा. तेही जमत नसेल तर अधूनमधून दहावीस फोटो पूर्ण उघडून शेवटच्या ओळीपर्यंत पाहा.

लॅपटॉप रिकामा केलेल्या मित्राने आता दोन वेगळ्या कंपन्यांच्या हार्ड डिस्क आणल्यात. एसएसडीवरून दोन्हींवर कॉपी करायला रात्र गेली, सकाळी याद्या जुळवल्या. एक डिस्क त्याच्या बहिणीकडे गेली, दुसरीवर चिकटपट्टी लावून त्याने पुढच्या तपासणीची तारीख लिहिली.