लिंक उजवीकडून वाचा

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय: "लिंकमध्ये बँकेचं नाव, कुलपाचं चिन्ह आणि शेवटी डॉट इन असेल तर साइट शंभर टक्के खरी. डॉट इन सरकार तपासूनच देतं. एकदा विकत घेतलेलं नाव कायम त्याच मालकाचं राहतं, त्यामुळे जुन्या लिंकला धोका नाही." खाली धन्यवादाचे हात जोडलेले. यातलं एकही वाक्य धड नाही.

कुलपाचं लवकर उरकतो. तुम्ही आणि ती साइट यांच्यातलं बोलणं मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही, एवढंच ते सांगतं. समोर चोर असला तर चोराशीच गुपचूप बोलणं झालं! कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकटही मिळतं.

"बँकेचं नाव" हा खरा सापळा. समजा लिंक अशी आहे: अबकबँक डॉट कॉम डॉट केवायसी-अपडेट डॉट इन. डोळा पहिल्या शब्दावर थांबतो, पण नावावरून साइट शोधणारी व्यवस्था (डीएनएस), जी १९८३ साली संगणकशास्त्रज्ञ पॉल मोकापेट्रिस यांनी आखली, नाव उलटीकडून सोडवते. आधी मूळ सर्व्हरला विचारायचं, डॉट इनचं दफ्तर कुणाकडे? तिथे विचारायचं, केवायसी-अपडेट कुणाचं? त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते सर्वस्वी त्या मालकाच्या मर्जीवर. पाकिटावरच्या पत्त्यासारखंच: 'दादर, मुंबई' शेवटी येतं, आणि खोलीच्या दारावर कुणीही 'कलेक्टर' अशी पाटी लावू शकतो. म्हणून सुरुवातीच्या https:// नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत जा आणि तिथून मागे दोन तुकडे वाचा. शेवटी डॉट को डॉट इन असेल तर तीन.

डॉट इन सरकार तपासतं? २००५ पासून ते कुणालाही घेता येतं, परदेशी माणसालाही. नोंदणीत ओळखपत्र मागतील, पण त्या नावावर पुढे काय धंदा चालतो हे आधी कोण बघतं? सरकारसाठी राखीव आहे ते डॉट गव्ह डॉट इन. बँकांसाठी डॉट बँक डॉट इन आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे जा, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं. फॉरवर्ड करायचंच तर हे करा.

आणि "कायमचं"? नाव विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. डॉट कॉमची मुदत हुकली आणि नाव रद्द झालं, तर ३० दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं. पुढे ५ दिवसांनी ते कुणालाही मोकळं. परळच्या एका मंडळाच्या जुन्या पावतीपुस्तकावर छापलेला पत्ता आज टाकला, तर ऑनलाइन रमीची जाहिरात उघडते. नूतनीकरणाचे ईमेल साइट बनवणाऱ्या मुलाच्या जुन्या पत्त्यावर जात राहिले, आणि तो केव्हाच पुण्याला गेला होता.