‘शून्यावर आणा, फुल चार्ज करा, रेंज बघा’: जुन्या इव्हीवाल्या मेसेजला उत्तर

मामाला सेकंडहँड इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीये, दोन गाड्यांवर येऊन अडकलाय, आणि नेमकं आत्ताच कुणीतरी त्याला तो मेसेज पाठवला. तोच, “जुनी इव्ही घेताय? फसण्याआधी हे सहा मुद्दे वाचा” वाला. मामाने तो मला ढकलला, खाली “तथ्य आहे का?” असं विचारलं, आणि मी उत्तर टाइप करेपर्यंत एका मालकाला फोन करून सांगूनही टाकलं की गाडी शून्यावर आणून ठेवा, मी बघायला येतोय. तो फोन परत करायला लावला, आता बाकीच्यांसाठी लिहितोय.

मेसेजमधले मुद्दे थोडक्यात असे. एक, गाडीची बॅटरी फोनसारखीच, पाच वर्षांत संपते. दोन, किलोमीटर जितके कमी तितकी बॅटरी चांगली. तीन, गाडी बंद पडेपर्यंत चालवून शून्यावर आणा, रात्रभर तशीच ठेवा, मग १०० टक्के चार्ज करा, स्क्रीनवर कंपनीने सांगितलेली रेंज दिसली तर बॅटरी ठणठणीत. चार, फास्ट चार्जिंग केलेली गाडी घेऊच नका. पाच, एक सेल (मोठ्या बॅटरीतला एक छोटा घटक) गेला की अख्खा पॅक, म्हणजे पूर्ण बॅटरी, बदलावा लागतो. सहा, बॅटरी बदललेली गाडी म्हणजे काहीतरी लपवलंय.

आधी तिसरा, कारण बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे किंवा अर्धवट आहेत, हा मुद्दा दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान करणारा आहे आणि वर उत्तरही चुकीचं देणारा आहे.

शून्यावर आणून ठेवायचा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला. त्यांना मेमरी इफेक्ट असायचा, अर्धवट वापरून चार्ज केल्या की क्षमता कमी झाल्यासारख्या वागायच्या, म्हणून पूर्ण रिकाम्या करायचे. लिथियम-आयन बॅटरीला ही भानगड नाही, उलट तिला तळ गाठलेला आवडत नाही. सेलचं व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं आणि ते नुकसान चार्ज करून भरून येत नाही. आता गाडीतला बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारा कंट्रोलर, त्याच्या बराच आधी गाडी बंद करतो, स्क्रीनवरच्या शून्याखाली थोडी वीज राखून ठेवलेली असते, त्यामुळे एका रात्रीत बॅटरी मरेल असं मी म्हणत नाहीये. पण त्या शून्यावर गाडी काही दिवस तशीच राहिली तर राखीव वीजही हळूहळू जाते, सोबत १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टरच, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच, जुळत नाहीत आणि मग गाडी चार्जरलाही दाद देत नाही. आणि हे सगळं अजून विकत न घेतलेल्या गाडीसोबत करायचं? मालक हो कसा म्हणेल?

बरं, एवढं करून जो आकडा मिळतो तो काय असतो? बहुतेक गाड्यांत स्क्रीनवरची रेंज हा अंदाज असतो. गाडी मागच्या काही प्रवासात किती वीज खाल्ली ते बघते आणि त्यावरून पुढचे किलोमीटर सांगते. जुना मालक सपाट रस्त्यावर सावकाश, एसी बंद ठेवून चालवणारा असेल तर दमलेली बॅटरीसुद्धा झकास रेंज दाखवेल, आणि तीच गाडी घाटात किंवा हायवेवर जोरात चालवून आलेली असेल तर ठणठणीत बॅटरीही निम्मी वाटेल. एक कबूल करतो, नाइलाजाने का होईना: टेस्लासारख्या काही गाड्या बॅटरीशेजारी जो किलोमीटरचा आकडा दाखवतात तो चालवण्याच्या सवयीवर नाही, दर किलोमीटरच्या ठरलेल्या वीजखपावर काढलेला असतो, त्यामुळे तिथे फुल चार्जचा आकडा क्षमतेबद्दल थोडंफार सांगतो. पण मेसेजवाल्याला हा फरक माहीत असता तर त्याने लिहिला असता.

काही गाड्यांत बॅटरी हेल्थच्या कांड्या असतात, त्यावरही डोळे झाकून जाऊ नका. जुन्या निसान लीफमध्ये अशा १२ कांड्या. पहिली कांडी जाते ती साधारण १५ टक्के क्षमता गेल्यावर, म्हणजे बाराच्या बारा दिसताहेत याचा अर्थ बॅटरी १०० टक्क्यांपासून ८५ पर्यंत कुठेही असू शकते. शिवाय त्या गाडीचा बीएमएस रीसेट करून कांड्या काही काळ फुल दाखवायची चलाखी करणारे विक्रेतेही निघालेत.

मग मोजायचं कसं? वीज मोजायची, किलोमीटर नाही. बॅटरीची क्षमता किलोवॅट-अवरमध्ये असते, म्हणजे आपल्या वीजबिलातलं युनिट. समजा गाडी नवी असताना वापरता येण्याजोगी क्षमता ४५ युनिट होती. (वापरता येण्याजोगी बघा, जाहिरातीत बऱ्याचदा एकूण क्षमता छापतात, ती जास्त असते.) गाडी २० टक्क्यांवर असताना साध्या एसी (घरगुती विजेच्या, फास्ट नसलेल्या) चार्जरला लावा, ८० ला थांबवा, चार्जरने किती युनिट दिली ते वाचा. २७ आली समजा. वाटेत साधारण दहा टक्के उष्णतेत वगैरे जातात, म्हणजे बॅटरीत गेली २४.३, ही झाली ६० टक्के, तर पूर्ण क्षमता ४०.५. भागिले ४५, म्हणजे ९० टक्के. दोन-चार टक्के इकडेतिकडे होतील, थंडीत आकडा फसवा येऊ शकतो, पण ८५ की ६५ हे तरी नक्की कळतं, आणि निर्णय घ्यायला तेवढंच लागतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम-आयनचाच एक प्रकार) बॅटरी असेल तर एक सावधगिरी: तिचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे गाडीचा टक्क्यांचा अंदाजच चुकतो. म्हणूनच बऱ्याच कंपन्या एलएफपीवाल्यांना अधूनमधून १०० टक्के चार्ज करायला सांगतात. तिथे चाचणी खालून सुरू करून १०० पर्यंत न्या.

यासोबत ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचा छोटा रीडर आणि गाडीला चालणारं अॅप मिळालं तर उत्तमच. त्यात एसओएच नावाचा, बॅटरीच्या तब्येतीचा टक्का दिसतो, तो बीएमएसचा स्वतःचा अंदाज आहे, देववाणी नव्हे. मी त्याच्याइतकंच सेल-सेलमधल्या व्होल्टेजच्या फरकाकडे बघेन, तेही चार्ज कमी असताना, कारण कमजोर सेल खालच्या टोकाला उघडा पडतो. बाकी सगळे एका रांगेत आणि सेलचा एकच ग्रुप बराच खाली, तर त्या गाडीपासून लांब राहा, भले एसओएच कितीही गोड दिसो.

आता पहिला मुद्दा, फोनची बॅटरी. फोन रोज जवळपास पूर्ण रिकामा होतो, पूर्ण भरतो, वर्षाला तीनशेच्या आसपास सायकल (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण रिकामी होऊन भरणं). गाडीची रेंज ३०० किलोमीटर धरा आणि वर्षाला १५,००० किलोमीटर चालवा, झाल्या ५० सायकल. शिवाय बहुतेक नव्या गाड्यांत बॅटरीला द्रव फिरवून थंड ठेवणारं लिक्विड कूलिंग असतं, फोनला काय असतं, खिसा? जिओटॅब ही गाड्यांचा डेटा गोळा करणारी कंपनी, तिने २०२४ मध्ये सुमारे १०,००० इव्हींचा डेटा तपासला तर सरासरी झीज वर्षाला १.८ टक्के निघाली, त्याआधी त्यांनीच सुमारे ६,३०० गाड्यांवर काढलेला आकडा २.३ होता. वाईटातला धरला तरी आठ वर्षांनी ८० च्या वर. ही सरासरी आहे आणि झीज सरळ रेषेत होत नाही, सुरुवातीला जरा पटकन, मग सावकाश, अगदी म्हातारपणी पुन्हा वेग घेऊ शकते, पण पाच वर्षांत संपते हे कुठनं आणलं? वाहनांसाठीचा २०२२ चा संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक नियमसुद्धा पाच वर्षं किंवा १ लाख किलोमीटरला किमान ८० टक्के, आणि आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजारला किमान ७० टक्के मागतो.

दुसऱ्या मुद्द्याने मामाचं खरं नुकसान झालं असतं. त्याच्यासमोरची एक गाडी जुनी, एअर-कूल्ड (बॅटरी नुसत्या हवेने थंड होणारी), फार कमी चाललेली, मालक अभिमानाने सांगतो की कायम फुल चार्ज करून अंगणात उभी असते. दुसरी तिच्या निम्म्या वयाची, लिक्विड-कूल्ड, पण दुप्पट चाललेली. मेसेज म्हणतो पहिली घ्या. मी म्हणतो तिच्याकडे बघूही नका, निदान मोजल्याशिवाय तरी नाही. बॅटरी नुसती उभी राहूनही म्हातारी होते, आणि उन्हात १०० टक्क्यांवर उभी राहून सगळ्यात लवकर. सुरुवातीच्या लीफचं हेच झालं, त्यांना बॅटरीचं सक्रिय कूलिंग नव्हतं आणि २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हातल्या मालकांनी कांड्या गेल्याचा एवढा आरडाओरडा केला की निसानला क्षमतेवर वेगळी वॉरंटी द्यावी लागली. तेव्हा किती चालली याच्या आधी विचारा: कुठे उभी असायची, किती टक्क्यांवर, बॅटरी एलएफपी की एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली), कूलिंग कोणतं.

चौथ्यात थोडं तथ्य आहे, मान्य. रोज, जास्त पॉवरच्या चार्जरवरच जगणारी गाडी, टॅक्सी वगैरे, जास्त झिजते. पण “एकदाही नको” हा अतिरेक आहे. अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीने ॲरिझोनातल्याच फीनिक्सच्या उन्हात चार लीफ पळवल्या, दोन फक्त फास्ट चार्जवर, दोन साध्या चार्जवर. ८०,००० किलोमीटरनंतर चारही चांगल्याच झिजल्या होत्या, पण दोन जोड्यांमधला फरक काही टक्क्यांचाच. म्हणजे खलनायक ऊन होतं.

पाचवा: पॅक मॉड्यूलचा, म्हणजे काही सेल एकत्र बांधलेल्या डब्यांचा, बनलेला असतो, पहिल्या लीफच्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल होती, आणि बऱ्याच गाड्यांत एखादं बदलता येतं. सगळ्यांत नाही, काही नव्या पॅकमध्ये सेल थेट चिकटवलेले असतात, तिथे मेसेजचं म्हणणं बऱ्यापैकी खरं ठरतं. मॉडेलचं नाव घेऊन विचारा, संपलं.

आणि सहावा तर उलटाच. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने शेवरोले बोल्ट या इलेक्ट्रिक गाड्या आगीच्या धोक्यामुळे परत बोलावल्या, त्यातल्या बऱ्याच गाड्यांना नवी बॅटरी आणि तिच्यावर नवी वॉरंटी मिळाली. अशी गाडी म्हणजे जुन्या शरीरात ताजं हृदय, लोक शोधून शोधून घेतात. फक्त बदलल्याचा अधिकृत वर्कशॉपचा कागद हवा, त्यावर तारीख हवी, नवी बॅटरी की दुरुस्त केलेली हे लिहिलेलं हवं, आणि वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का हे कंपनीला गाडीचा चेसिस नंबर देऊन लेखी विचारा, विक्रेत्याच्या “होते हो साहेब” वर जाऊ नका.