प्रत्येक बुजलेली खिडकी टॅक्समुळे नसते

आत्याने काल फॅमिली ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड टाकला. इंग्लंडमधल्या जॉर्जियन (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या) रांगघरांच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून ओळीत बांधलेल्या घरांच्या बुजवलेल्या खिडक्या म्हणजे खिडक्यांवरचा टॅक्स चुकवायची श्रीमंतांची युक्ती, 'डेलाइट रॉबरी' (दिवसाढवळ्या लूट) हा शब्दही त्यातूनच आला, आणि बाथ शहरातली रॉयल क्रेसेंट ही चंद्रकोरीसारखी इमारत म्हणजे राजाचा महाल. भाच्याने हे शाळेच्या प्रोजेक्टमध्ये उतरवलं पण, म्हणून आता लिहितेच.

खिडक्यांवर कर होता, हे खरंय. १६९६ ला लागला, १८५१ ला गेला, आणि काहींनी खिडक्या बुजवल्याही. पण म्हणून दिसली बुजलेली खिडकी की टॅक्स? ही घरं बांधताना अख्ख्या रांगेचा दर्शनी भाग एकच चित्र म्हणून काढायचे, खिडकीवर खिडकी, डावी-उजवी बाजू सारखी, आणि जिथे आत धुरांड्याची नळी किंवा मधली भिंत यायची तिथे खिडकी ठेवताच येत नाही, मग गवंडी पहिल्या दिवसापासून नुसता खिडकीच्या आकाराचा कोनाडा ठेवायचे. फॉरवर्डमधलाच फोटो मोठा करून बघा, बुजलेल्या भागाच्या विटा बाजूच्या भिंतीत गुंतल्यात आणि बरोब्बर वर धुरांडं आहे. नंतर बुजवली असती तर कडेला सरळ उभा सांधा दिसला असता.

महाल तर नाहीच नाही. रॉयल क्रेसेंट म्हणजे ३० वेगळी घरं, १७६७ ते १७७५ मध्ये बांधलेली. वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने ११४ खांबांचा दर्शनी भाग ठरवून दिला, लोकांनी त्याचा आपापला तुकडा विकत घेतला आणि मागे हवं तसं घर बांधून घेतलं. मी मागच्या गल्लीतून चालत गेलेय, एका घराची उंची दुसऱ्याला जुळत नाही, छपरं वरखाली, खिडक्या कुठेही.

'डेलाइट रॉबरी' लुबाडणूक या अर्थाने छापील मजकुरात सापडतो तो साधारण विसाव्या शतकात, कर जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर.

मला सगळ्यात खटकतं ते 'श्रीमंतांची युक्ती'. शहरात गरिबांची दहा बिऱ्हाडं एका इमारतीत असली तरी कराला ते एकच घर धरायचे, सगळ्यांच्या खिडक्या एकत्र मोजायचे, कर मालकाच्या माथी, मग मालक खिडक्या बुजवायचा आणि भाडेकरू अंधारात, कोंदट हवेत राहायचे. तिथल्या डॉक्टरांनी या कराविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला तो याच लोकांसाठी, आणि फॉरवर्डमध्ये त्यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

भाच्याला फॉरवर्डमधला तो फोटो प्रोजेक्टमधून काढून टाकायला सांगितलाय. क्रेसेंटच्या मागच्या बाजूचे माझे दोन फोटो पाठवलेत.